मुक्काम समुद्राकाठीच

अहो,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. माझी औषधं आणायला गेलेय, तासाभरात येते.

शहरातली खोली मी सकाळी फोन करून रद्द केली आणि समुद्राकाठच्या गावात घेतली. शहरातून सगळीकडे फिरायला सोयीचं पडतं, असं तुम्ही मला सांगत होतात; पण लॉजवाल्याला "हॉस्पिटल किती लांब आहे?" असं विचारताना मी तुम्हाला ऐकलं. गावापासून ते दीड तासावर आहे, मीही विचारून घेतलंय. अख्खं वर्ष आपण हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढलं. आता आठ दिवस तरी मला तुमच्याशेजारी वाळूत बसायचंय. भीती मलाही वाटते, पण तुम्ही हात धरलात की कमी होते.

रागवायचं तर खुशाल रागवा, पण तुमचा स्वेटर तेवढा बॅगेत टाका. तिथे संध्याकाळी वारा सुटतो म्हणे.