चालायचंच नाही!

ब्रिस्बेन

प्रिय बाबांना लोसालीनचा आदराचा नमस्कार.

मी मजेत आहे, रोज पोटभर जेवते. आपल्या वावाऊ बेटावर यंदा कोनफळं कशी निघाली?

आमच्या प्रयोगशाळेत मधुमेह जडवलेले उंदीर आहेत. औषधाने त्यांच्या रक्तातले दाहाचे आकडे उतरतात. एकाचे उतरेनात. "साखरेचा रोगी, चालायचंच," सगळे म्हणाले, मीही म्हणाले. काल त्याला उताणा धरला, तर तळपायाला सोबत्याने घेतलेला चावा, आत पू. आणि त्याला दुखतही नव्हतं!

बाबा, आपल्या बेटावरही सगळे 'चालायचंच' म्हणतात आणि माणसांचे पाय कापले जातात. हे चालायचं नाही!

साखर तुम्हालाही आहे. पायाचं विचारलं, तर फोनवर तुम्ही हसलात, "साधा काटा गं. तू तुझे उंदीर सांभाळ, माझा पाय मी सांभाळतो." मग रविवारी चर्चला बुटाविना का गेलात? सुजलेला पाय बुटात जाईना, आईने सांगितलं मला.

वडिलांना हुकूम करणं मुलीला शोभत नाही. पण फुसी आत्या आज इथून परततेय. पत्र तिच्याच हाती देतेय. तुमचं वाचून होईपर्यंत ती दारात थांबेल, मग दवाखान्यात नेईल.

थोरल्या बहिणीला नाही म्हणून दाखवा!

तुमचीच,
लोसालीन