कोरडी गाठ

रविवार, २ मार्च. सकाळी ८

आजपासून फ्लाय फिशिंग. निर्णय माझा आहे. बायको फक्त एवढंच म्हणाली की आई गेल्यापासून बाबा दर रविवारी तळ्यावर एकटेच जाऊन बसतात, कुणाशी धड बोलत नाहीत, तर तू जात जा सोबत, आणि तिथे फार शहाणपणा करू नकोस. वाक्याचा दुसरा भाग मला ऐकू आला नाही असं मी धरलं आहे.

बाबा म्हणजे सासरे. चाळीस वर्षं एका डेंटिस्टच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या केल्या. या भागातलं निम्मं हसू त्यांच्या हातचं आहे. रिटायर झाले तरी शेजारपाजारचे लोक तडकलेली कवळी रुमालात बांधून आणतात आणि बाबा ती पुढच्या जेवणाच्या आत परत करतात. हातांचा भारी अभिमान. बोलून दाखवत नाहीत, पण सुईत दोरा ओवायची वेळ आली की घरात दुसऱ्या कुणाला सुई देत नाहीत.

विषयाचा अभ्यास पूर्ण. पाच व्हिडिओ. जाड रंगीत लाइन. तिच्या टोकाला लीडर, म्हणजे बारीक बारीक होत जाणारी पारदर्शक दोरी. लीडरच्या टोकाला टिपेट, म्हणजे त्याहून बारीक दोरीचा हातभर तुकडा. त्याला पिसांची खोटी माशी. माशाला माशी दिसली पाहिजे, दोरी दिसता कामा नये. थोडक्यात, सगळा खेळ लीडरचा. लोक उगाच रॉडच्या मागे लागतात. मी लागणार नाही.

शनिवार, ८ मार्च

लीडर घेतला. दुकानदार म्हणाला, तळं लहान, तुम्ही नवीन, तर साडेसात फुटी घ्या, फोर एक्स. मी म्हटलं, बारा फुटी, सिक्स एक्स. त्याने विचारलं, नक्की? आकडा जेवढा मोठा तेवढी दोरी बारीक, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. (माहीत नव्हतं. मी नेमकं उलटं समजत होतो. पण त्यामुळे माझी निवड आपोआप तज्ज्ञाची ठरली.) त्याने पुन्हा विचारलं, नक्की? गिऱ्हाइकाला दोनदा नक्की विचारणारा माणूस दुकान कसा चालवतो कोण जाणे.

घरी हॉलमध्ये सराव. बारा फूट म्हणजे जवळजवळ आख्खा हॉल. पंख्यातून लीडर सोडवायला बायको स्टुलावर चढली. उतरल्यावर स्टूल माझ्याच हातात दिलं. हे लक्षण बरं नाही.

रविवार, ९ मार्च. दुपार

पहिला दिवस. एकंदरीत यशस्वी.

लीडर अडकला तो क्रमाने असा: झुडूप, बाक, माझी टोपी, पुन्हा तेच झुडूप, बाबांची कॉलर. पाचही वेळा बाबांनीच सोडवला. चष्मा कपाळावर ढकलून, नुसत्या बोटांच्या टोकांनी. म्हणाले, जावईबापू, उघड्या तळ्यावर वारा असतो, लांब लीडर सरळ उलगडत नाही, सुरुवातीला आखूड आणि जरा जाड बरा. त्यांचा स्वतःचा साडेसात फुटी आहे. मी हसून मान हलवली. मोठ्यांचं ऐकून घ्यायला काय जातं.

मासे दोन मिळाले. दोन्ही बाबांना. दोन्ही सोडून दिले.

पलीकडच्या पाइपाजवळ एक मोठा मासा राहतो. बाबा त्याला मॅनेजर म्हणतात, कारण तो बाहेर येतो, सगळ्यांकडे एकदा बघतो आणि परत आत जाऊन बसतो. तीन वर्षं त्याच्या मागे आहेत. मिळाला तर काय करणार, विचारलं. म्हणाले, सोडून देईन, फक्त एकदा दात बघायचेत.

एक गोष्ट खटकली. गाठ आवळण्याआधी बाबा ती तोंडात धरून थुंकीने ओली करतात. म्हणे कोरडी आवळली की दोरी तापते आणि गाठ धरत नाही. दातांच्या धंद्यातल्या माणसाने इतकं अस्वच्छ असावं याचं वाईट वाटलं.

बुधवार, १२ मार्च. ऑफिस

मॅनेजर का मिळत नाही याचं निदान झालं. बाबांचं टिपेट जाड आहे. मासा काही खुळा नाही, तीन वर्षं ती दोरी बघतोय. उपाय: बाबांच्या नकळत त्यांच्या लीडरला माझं सिक्स एक्स जोडायचं. मासा मिळाला की मग हळूच सांगायचं. वाक्य तयार आहे: बाबा, माझं कसलं कौतुक, कौतुक लीडरचं.

बायकोला सांगितलं नाही. श्रेयात वाटेकरी नको.

शुक्रवार, १४ मार्च

नवशिक्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली. ‘लहान तळ्यासाठी लीडर कसा निवडावा’. अनुभव एका दिवसाचा असला तरी ताजा आहे. नियम पहिला: दुकानदाराचं ऐकू नये. नियम दुसरा: सासऱ्यांचं ऐकावं, पण करू नये. तिसरा नियम रविवारनंतर.

रविवार, १६ मार्च. दुपारी ३

मॅनेजर गळाला लागला.

सकाळी बाबा गाडीतून थर्मास आणायला गेले, तेवढ्यात मी त्यांचं टिपेट कापून माझं जोडलं आणि त्यांची माशी परत टोकाला बांधली. गाठी दिसायला छान होत्या. थुंकी अर्थातच लावली नाही. बाबा आले, माशी एकदा बघितली, टाकली. जोड त्यांच्या लक्षात आला नाही. दहा मिनिटांत मॅनेजरने माशी घेतली. रॉड वाकला. बाबा हसायला लागले. लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला बोलावलं, या, या, दात बघायला या. मी दोन पावलं गेलो आणि रॉड सरळ झाला.

बाबांनी लाइन ओढून घेतली आणि लीडरचं टोक बोटांत धरलं. टोक पीळ पडून कुरळं झालं होतं. दोरी तुटली तर टोक सरळ राहतं, गाठ सरकली तर कुरळं होतं. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. म्हणाले, गाठ सरकली. सकाळी घरी मीच बांधली होती, असंही म्हणाले. मग दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तेवढ्यात ते म्हणाले, वय झालं. माणूस एवढं बोलत असताना मध्येच तोंड घालणं मला बरं दिसलं नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५

शांतपणे विचार केला. मासा फार मोठा होता. गाठ कुणाचीही सरकू शकते. शिवाय आत्ता सांगितलं तर बाबांना माशाचं दुःख आणि वर जावयाचं दुःख. एकावर भागत असताना दोन कशाला? चार दिवसांत विसरतील.

मंगळवार, १८ मार्च

विसरले नाहीत. बाबांच्या शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर मधोमध तडकलेली कवळी घेऊन आले होते. बाबांनी हात न लावता परत पाठवली. म्हणाले, माझ्या हातांचा आता भरवसा नाही, दुसरीकडे दाखवा. पोस्टमास्तर हटून बसलेत की केली तर तुमच्याच हातची. तोवर ते सगळं जेवण मिक्सरमधून काढतायत. बायकोने हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो किती वेळ चावत होतो कुणास ठाऊक.

ऑफिसात (विमा कंपनी, क्लेम विभाग) आज तीन क्लेम नामंजूर केले. कारण तिन्हीत एकच, महत्त्वाची माहिती लपवली. तिसऱ्यावर शिक्का मारताना समोरच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, बरं नाही का? मी म्हटलं, उकडतंय.

गुरुवार, २० मार्च. लंच ब्रेक

शास्त्रीय चाचणी, स्टेशनरीच्या कपाटामागे उभं राहून. कोरड्या गाठी दहा, सरकल्या नऊ. ओल्या गाठी दहा, सरकली एकही नाही. निष्कर्ष: नमुना फारच लहान आहे.

तासाभराने. निष्कर्ष नीट लिहितो. गाठ माझी होती. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी एवढं लिहिताना कान गरम झाले.

रविवार, २३ मार्च

बाबा तळ्यावर आले नाहीत. रॉड कापडात गुंडाळून कपाटावर टाकलाय. बायकोने मेंदूच्या डॉक्टरांची परवाची, मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. मी पटकन म्हटलं, मी नेतो. ती म्हणाली, तुला रजा मिळेल का रे? इतक्या मायेने म्हणाली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

संकल्प: गाडीत सांगणे. रस्ता वीस मिनिटांचा. पाच मिनिटं प्रस्तावना, एक मिनिट मूळ मुद्दा, उरलेला वेळ माफी.

मंगळवार, २५ मार्च. संध्याकाळ

जाताना रस्त्याचं काम चालू होतं. गाडीकडे लक्ष द्यावं लागलं.

डॉक्टरबाईंनी बाबांना नाकाला बोट लावायला सांगितलं, दोन ओळी लिहायला सांगितल्या, गोल काढायला सांगितलं. गोल इतका सुरेख आला की त्या म्हणाल्या, मला तर काहीच दिसत नाही. बाबा म्हणाले, पण गाठ सरकली. तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्ही सोबत असता, यांचा हात थरथरताना तुम्हाला कधी दिसला का?

मी म्हटलं, थोडासा.

का म्हटलं ते मला अजून कळत नाही. नाही म्हटलं असतं तर पुढे प्रश्न आला असता, मग गाठ का सरकली. एवढंच कारण सुचतं आणि ते पुरत नाही. बाईंनी ‘थोडासा’ लिहून घेतलं आणि आणखी तपासण्या दिल्या. बाबांनी मान हलवली. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, खरं बोललात ते बरं केलंत, हल्ली सगळे मला सांभाळून घेतात.

घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. मी फार हलका माणूस आहे. यावर आज काही सबब सुचत नाही.

शनिवार, २९ मार्च

रोज लंच ब्रेकमध्ये गाठी बांधतोय. काल साठ. शिक्षा म्हणून असेल. तोंडाला सारखी नायलॉनची चव येते. पुस्तिका फाडली.

बायको आज भांडी घासता घासता रडली. म्हणाली, आई गेली तेव्हासुद्धा बाबा तेराव्या दिवसाची वाट न बघता हत्यारं घेऊन बसले होते, कुणाचं तरी जेवण अडलं होतं म्हणून. आता हत्यारांची पेटी उघडत नाहीत. नुसते बोटांकडे बघत बसतात. मी तिच्या हातातलं पातेलं घेऊन घासलं. मला तेवढंच जमलं.

उद्या. आकाश कोसळलं तरी उद्या.

रविवार, ३० मार्च. संध्याकाळी ६

सांगितलं.

सकाळी नऊला बाबांच्या घरी गेलो. चपला काढायच्या आत सुरुवात केली, एका दमात संपवलं. थर्मास, कात्री, सिक्स एक्स, थुंकी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसले. म्हणाले, जावईबापू, म्हाताऱ्यासाठी एवढं खोटं बोलायला मोठं मन लागतं.

मी म्हटलं, खोटं नाही. ते म्हणाले, मग त्या दिवशी का बोलला नाहीत? आणि डॉक्टरांपुढे थोडासा का म्हणालात? दिसला म्हणूनच ना? इथे मी खरं सांगायला हवं होतं. सगळं सांगितलं, फक्त तेवढं राहिलं.

शेवटी म्हटलं, माझी गाठ सरकतेच, दाखवतो. खिशात दोरी होतीच. दोन तुकडे जोडून दिले. बाबांनी टोकं धरून ओढली. नाही सरकली. बोटांना गुंडाळून ओढली, बोटांवर वळ उठले, गाठ जागची हलली नाही. सवयीने मी ती आवळताना तोंडात धरली होती, लक्षातही आलं नाही. दुसरी कोरडी बांधली, ती लगेच सुटली. बाबा म्हणाले, आता मुद्दाम करताय. पहिली गाठ उजेडाकडे धरून त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, सुरेख. आणि अशा वेळी मला ते ऐकून बरं वाटलं. ही लाज कुठे ठेवू कळत नाही.

मघाशी बाबा स्वतः रॉड घेऊन इथे आले. मला द्यायला. बायकोला म्हणाले, यांचा हात आता बसलाय, यांच्याकडे राहू दे. सकाळचं सगळं तिला सांगितलं, माझ्या मोठ्या मनासकट. मी तिला आत बोलावून म्हटलं, अगं, ते सगळं खरं आहे. तिने माझा गाल थोपटला. म्हणाली, पुरे आता, किती चांगला वागशील.

पुरावा एकच आहे, ही वही. त्या दिवशीचं सगळं त्याच दिवशी लिहिलेलं. बाहेर जाऊन बाबांच्या हातात दिली की झालं. पण सोळा तारखेचं पान वाचलेला माणूस पंचवीस तारखेचा तो ‘थोडासा’ही वाचणार. ते पान काढून मग वही द्यावी असा विचार आहे. पान चिमटीत धरून अर्धा तास झाला.

दार उघडंच आहे. बाहेर बायकोने चहा दिलाय. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरलाय. तरी बशीत ठेवताना तो वाजला.