तिसऱ्या भागातलं नाव

१२ जानेवारी, सोमवार

माझ्या भावाचा, नितीनचा मित्र सोहेल बांगड्यांचं दुकान बंद करून आमच्याकडे आला. बराच वेळ धंद्याचंच बोलत बसला, म्हणजे काहीतरी अडलं होतं. त्याने आणि नितीनने मिळून केलेल्या 'बारी' या बैलगाडा शर्यतीच्या गेमवर सिनेमा झालाय, तो उन्हाळ्यात येणार. त्याआधी गेमचे तिन्ही भाग सिनेमाशी जुळवून घ्यायचे म्हणतात. नवीन आला की फोनमधला जुना आपोआप जाणार.

नितीन गेला, त्याच्या जागी आता माझी संमती लागते. आण्णांनी भावाचं सगळं माझ्यावर सोपवलंय. म्हटलं, बघून सांगते.

नितीन असता तर त्यालाच... असो.

१४ जानेवारी, बुधवार

लोणीला गेले. नितीनचं वर्षश्राद्ध व्हायचंय, त्यामुळे माहेरी यंदा तिळगूळ नाही. वर्षभर आण्णांनी गाडाही शर्यतीच्या घाटात नेला नाही. बैल गोठ्यात बसून माजलेत.

आण्णांना सिनेमाची झलक दाखवली. त्यात गाड्याला दोनच बैल. आपल्याकडे चार, आणि पुढे घोडी. आण्णांनी फोन लांब धरून पाहिलं. "बाकीचे दोन काय पगारी रजेवर गेलेत का?" स्वतःच हसले. वर्षात पहिल्यांदा.

गेममधलंही सगळं एकसारखं नाहीच. पहिल्या भागात घोडी पांढरी, दुसऱ्यात तांबडी. खेळणारी पोरं चूक म्हणून नावं ठेवायची. खरी गोष्ट एवढीच की मधल्या काळात आण्णांनी पांढरी विकून तांबडी आणली. सोहेल दुरुस्त करायला बसला तर नितीन म्हणाला होता, घरी बदलली, मग गेममध्ये का नको?

१९ जानेवारी, सोमवार

सिनेमावाल्यांकडे काम करणाऱ्या एका मुलीचा फोन. गेम आणि सिनेमा कुठे जुळत नाही ते बघणं हे तिचं काम. नीट बोलली. बैल, घोडी, घाटाची उंची असं एकेक विचारत गेली. मग गाडामालक. घाटात गाडा सुटताना मालकाचं नाव पुकारतात. पहिल्या भागात आमच्या आजोबांचं आहे, पुढे कै. लावून. दुसऱ्यात आण्णांचं.

"आणि मॅडम, तिसऱ्यात सुनंदा बबन, लोणी. ही सुनंदा कोण? आमच्या स्टोरीत अशी कुणीच नाहीये."

मला पटकन बोलता आलं नाही. मग म्हटलं, "मी."

तिने ते लिहून घेतलं.

तिसरा भाग मी कधी उघडलाच नव्हता. तो आला तेव्हा नितीन पुण्याला दवाखान्यात होता आणि मी त्याच्या उशाशी. या नावाबद्दल एका शब्दाने बोलला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सोहेलने माझ्या फोनवर तिसरा भाग घालून दिला. मला धड खेळता येत नाही, पहिल्या दोन वेळा बैल सुटायच्या आधीच खेळ संपला. सोहेल म्हणाला, "ताई, घाई करू नका, नाव पुकारेपर्यंत थांबा." थांबले.

पुकारणारा आवाज नितीनचाच. पाण्याच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून रेकॉर्ड केला होता, कर्ण्यासारखा घुमावा म्हणून. "आता सुटतोय गाडा सुनंदा बबन, लोणी... भिर्रर्र!"

लग्नानंतर हे नाव असं कुणी घेतलं नव्हतं.

सोहेलला विचारलं, सांगितलं का नाही. नितीनने त्याला बजावलं होतं, ताईला सांगू नको, खेळली की कळंल.

पाच-सहा वेळा लावलं. बैल एकदाही वर पोचले नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

त्या मुलीचा पुन्हा फोन. सिनेमात पुकारायला एक नावाजलेला नट आहे, गेममध्येही त्याचाच आवाज हवा. पहिल्या दोन भागांत नितीनचा राहू देतील. तिसरा बदलावा लागेल, कारण तिथे नावही जुळत नाही. शिवाय, ती जरा चाचरत म्हणाली, घाटात बाईच्या नावाने गाडा पळत नाही, लोकांना ते खोटं वाटेल.

मी नाही म्हणून सांगितलं. आवाज घ्या पण नाव ठेवा, किंवा नाव घ्या पण आवाज ठेवा, असं काही नाही. ते एकच आहे.

सोहेलची इतक्या वर्षांची मेहनत माझ्यामुळे अडकते, हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, तो असता तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं असतं. मी चहा तरी पाजीन."

८ फेब्रुवारी, रविवार

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर आण्णा म्हणाले, ते नितीनचं पुकारणं लाव. लावलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ऐकलं.

"मोठा कर."

पुन्हा लावलं. मग सिनेमावाले काय म्हणतात ते सांगितलं, बाईचं नाव खोटं वाटेल ते.

"खोटं न्हाई बोलत ते. आपल्या घाटात आजवर घेतलं न्हाई." एवढंच. उठून गोठ्यात गेले.

मला वाटलं, विषय संपला.

२२ फेब्रुवारी, रविवार

लोणीची यात्रा. वर्षाने गाडा घाटात आला. मी बायकांबरोबर शाळेच्या भिंतीपाशी होते. पुकारणाऱ्यांच्या मंडपात आण्णा वाकून काही सांगत होते, पुकारणारा नाही म्हणून मान हलवत होता. पुढचं सोहेलने सांगितलं, तो तिथेच फोन धरून उभा होता.

पुकारणारा म्हणाला, "बबनराव, लेकीचं नाव? लोक हसत्याल."

आण्णा म्हणाले, "हसू द्या. माझ्या पोरानं आधीच पुकारलंय. तुमी नुस्तं मागनं म्हणायचं."

कर्ण्यावरून नाव आलं. सुनंदा बबन, लोणी. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गं ही? या वेळी उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

पुढचा उजवा बैल मध्येच बिचकला, गाडा रेंगाळला. नंबर आला नाही. आण्णांच्या अंगावर गुलाल मात्र होता, कुणी टाकला माहीत नाही. पुसला नाही त्यांनी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सोहेलने काल काढलेला व्हिडिओ त्या मुलीला पाठवला. खाली लिहिलं, आता खरं आहे. तिचं उत्तर आलं, वरच्या लोकांना दाखवते. पुढे काही नाही. दिवसभर फोन जवळ ठेवला होता.

गेम उघडून पाहिला. अजून जुनाच आहे.

संध्याकाळी आण्णांचा फोन. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावचा घाट आहे, शर्यतीचं टोकन घेतलंय म्हणाले. नाव कुणाचं दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. "तू ये," म्हणाले.