झाकणाखालची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ. हडपसर.

आमच्या लोणी गावच्या शेतातला छोटा ट्रॅक्टर आजही वीस मिनिटांत बंद पडला. फिल्टर नवा आहे. पाइपातली हवा काढली की सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. डिझेल पुढे का सरकत नाही, मला खरंच कळत नव्हतं.

ट्रॅक्टर दत्तूकाका चालवतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "डिझेलमध्ये कुणी रॉकेल मिसळतं का?" 'कुणी' म्हणालो, पण रोख त्यांना समजला. "डिझेल मी भरतो सर, पीत न्हाय," एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझ्या थर्मासमधला चहा घेत नाहीत.

आज टाकीचं झाकण उघडलं तर सुस् असा आवाज आला, बाहेरची हवा आत ओढल्यासारखा. काका वाकून म्हणाले, "डिझेल भरताना रोज बघतो, ही दुधाची पिशवी कुणाची हाय?"

माझीच. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मीच झाकणाखाली लावली होती. टाकीत हवा घेणारं झाकणाचं बारीक भोक तिने बुजवलं असणार; हवा आत नाही, तर डिझेल पुढे कसं सरकणार? पण मग पिशवी लावल्यावर पहिले दोन दिवस ट्रॅक्टर कसा चालला? की मी अजून दुसरं कारण शोधतोय? तो सुस् आवाज तर स्पष्ट होता.

पिशवी काढल्यावर सलग तासभर चालला. "माझीच पिशवी," एवढं कबूल केलं. रॉकेलबद्दल माफी मात्र मागितली नाही. म्हटलं, उद्याही चालतो का पाहू आणि मग बोलू.

उद्या बंद पडला, तर काय माफी मागायची नाही?