चिंचेने घासलेला पैसा

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पूजेच्या भांड्यांबरोबर यांचा जुना तांब्याचा पैसाही मी चिंचेने लख्ख घासला होता. "अवं, काहून घासलं तू त्याले? शंभर वर्षांचा रंग धुतला ना!" हे डोक्याला हात लावून बसले, मग हसत सुटले.

हे गेल्यावर त्यांच्या नाण्यांना आज प्रथम हात लावला. मुलाला, समीरला, नाणी अमरावतीला त्याच्या घरी नेण्याआधी फोटो हवेत, म्हणून त्याने मॅक्रो लेन्स पाठवली. यांचाच कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवला. फ्लॅशने नाणी नुसती चमकत होती. सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, फ्लॅश बंद करा. दिवा बाजूला ठेवा, पुढे बटर पेपर धरा." जमलं.

तो पैसा शेवटी घेतला. इतकी वर्षं पाहिलाच नव्हता, लाजेनं, दुसरं काय! पाकिटावर यांचं अक्षर: 'हिने घासलेला. विकायचा नाही.' फोटो मोठा करून पाहिला. कडेने तपकिरी रंग परत चढतोय. "अहो, बघा ना!" मी मोठ्याने म्हटलं. कुणाला म्हटलं?

माझ्यामागे कॅमेरा आणि लेन्स मुग्धा सूनबाईला. नाणी समीरची. तो पैसा मात्र मुग्धालाच, पण दिवाळीला तिने घासू नये. रंग पुरता चढायला अजून खूप वर्षं लागतील.