एकशे बारा नंबरची शहनाई

७ फेब्रुवारी, शनिवार
सगळं बदललं ते आज दुपारी चारला, झरीच्या हळदीत, साउंड चेक चालू असताना. अस्मिताने गाता गाता माइक खाली ठेवला, पेनड्राइव्ह माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि म्हणाली, "जितू, माझ्या पाच गाण्यांचे ट्रॅक यात भरून दे ना. उंबरगावच्या बँजो पार्टीत जातेय मी. तिकडे हार्दिकभाई वाजवतात."
मी म्हटलं, बरं.
दोन वर्षं ती गाते, मी वाजवतो. तिची पट्टी काळी चार, बघायलाही लागत नाही, हात तिथेच जातो. कधी काही बोललो नाही तिला. आज बोलायची वेळ आली तर तोंडातून काय निघालं, तर बरं.
मग हळद झाली. वाजवलं. काय वाजवलं आठवत नाही. रमणकाका, आमची वाजवायची पार्टी त्यांची, म्हणाले, "आज कुठे चुकला नाय तू."

८ फेब्रु., रवि
अच्छाडला पंक्चरच्या दुकानात. चेकपोस्टला ट्रकांची लाइन, त्यामुळे टायर एकामागून एक.
राग यायला हवा होता. मला राग येतो हे अख्ख्या तलासरीला ठाऊक. एस.वाय.ला प्रॅक्टिकलमध्ये सर म्हणाले, वाजवणाऱ्यांनी वाजवावं, इथे जागा अडवू नये. जर्नल टेबलावर आपटलं, डहाणू स्टेशनपर्यंत चालत आलो, परत गेलो नाही. काल काहीच नाही. आजही नाही. पान्हा हातात, आणि हात दुसऱ्या कोणाचा तरी.

१० फेब्रु., मंगळ
सीक्वेन्सरचा डबा काढला. गाणी सगळी त्यात. डबा सांगतो, कीबोर्ड वाजतो.
अ.ला वाटतं मी माझं वाजवणं भरून देणार. फाइलमध्ये आवाज जात नाही. सूर जातात, किती जोरात, किती वेळ, आणि वाद्याचा नंबर. समोरच्या कीबोर्डात त्या नंबरवर जे असेल ते वाजणार. म्हणून जगभर एक ठरलेली यादी, एकशे अठ्ठावीस वाद्यांची. पियानो एकवर, कोणत्याही कंपनीचा घ्या. ढोलकी, ताशा, सगळा ठेका दहाव्या चॅनेलवर.
तारपा, आमचं दुधी भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, यादीत नाही. असणार तरी कसा. माझा तारपा मी केलाय. तिच्या बाबांनी अंगणात वाजवला, मी फोनवर घेतला, तो ऐकत ऐकत शहनाईच्या आवाजावर बॅगपाइपचा आवाज चढवून घासत बसलो, तीन महिने. तिचं पाचवं गाणं त्याच्यावरच उभं आहे. तो आवाज माझ्या कीबोर्डच्या पोटात. पेनड्राइव्हमधून जात नाही.
जात नाही तेच बरं.

१३ फेब्रु., शुक्र
आला राग. दुकानात गिऱ्हाइकाने सांगितलं, उंबरगावची पार्टी भारी आहे, नवी पोरगी घेतलीय, आवाज काय तिचा. मला सांगतोय.
घरी येऊन पहिल्या गाण्याची दुसरी प्रत केली. ढोलकी दहाव्या चॅनेलवरून उचलून चौथ्यावर टाकली, तिथे पियानो. आता ती पियानोवर वाजते. प्रत्येक थापेला एक पियानोचा सूर, शेळी जिन्यावरून पडल्यासारखा. तिच्या पहिल्याच कार्यक्रमात हे वाजेल, ती मागे वळून बघेल...
हसू येईल वाटलं होतं. फाइलला नाव दिलं 'अस्मिता २'. जेवलो.

१५ फेब्रु., रवि
अ. घरी आली, ट्रॅक कुठवर आले बघायला. आई चहा ठेवायला आत. मी वायर शोधत होतो, तेवढ्यात तिने डब्यावर 'अस्मिता २' दिसलं म्हणून चालू केलं.
पूर्ण एक कडवं ऐकलं तिने.
"हे काय आहे?"
"गंमत."
"कोणासाठी?"
मी तिच्यासमोर फाइल उडवली. ती म्हणाली, "जितू, मला नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं. ट्रॅक मी विकत घेतले असते." आई चहा घेऊन आली तर ही उभी. "बस ना गं." "नको मावशी, बाबा वाट बघतायत." चहा मी प्यायलो, दोन्ही कप.

१९ फेब्रु., गुरु
चार गाणी झाली. कीबोर्ड यादीवर लावून एकेक वाद्य कानाने तपासलं. बासरी बासरीसारखी, ठेका दहावर. चांगलं काम. माझं सगळ्यात चांगलं असेल.
पाचव्याला तारप्याच्या जागी शहनाई टाकली. यादीत बघितली, एकशे बारा, डब्यावर एकशे बारा दाबलं. ऐकलं नाही. माझ्या कीबोर्डवर त्या ट्रॅकला तारपा बांधून ठेवलाय, बाहेरून कुठलाही नंबर आला तरी तो हलत नाही. सोडवला असता तर शहनाई ऐकू आली असती. नाही सोडवला.

२० फेब्रु., शुक्र
बाजारात दिला पेनड्राइव्ह. "सगळं नीट आहे ना?" "आहे." "नक्की?" "नक्की." ती माझ्याकडे बघत राहिली, मी भाजीकडे. मग पर्समध्ये टाकला.

२२ फेब्रु., रवि
वेवजीला गेलो, अ.चा उंबरगावच्या पार्टीतला पहिला कार्यक्रम. हळद मोठी, दोन जनरेटर. मांडवाच्या मागच्या खांबाशी उभा राहिलो. चार गाणी अशी झाली की माणसं खुर्च्या सरकवून नाचायला उठली. हार्दिकभाई अंगठा दाखवत होते तिला.
पाचवं. तारपा यायला हवा त्या जागी बारीक घंटी. टिंग टिंग टिंग, पूर्ण सुरावट. शहनाई नाही, काही नाही, घंटी.
कोणीतरी ओरडलं, "कुल्फीवाला आला रे, पोरांना आवरा." अख्खा मांडव हसला. नवरदेवसुद्धा, हळदीच्या तोंडाने.
अ. एक मात्रा थांबली. मग त्या घंटीवरच गायली, शेवटपर्यंत, एक सूर हलला नाही. गाताना मांडवात शोधत होती. खांबाशी सापडलो.
घरी पोचायच्या आत मेसेज. एकच शब्द: 'खूश?'

२४ फेब्रु., मंगळ
उत्तर लिहिलं, पुसलं. ती फोन उचलत नाही.
रमणकाका दुकानात आले, गाडीला हवा भरायला म्हणे. वेवजीचं कळलं होतं.
"मुद्दाम केलंस ना? सांग, मी कोणाला बोलायचा नाय."
"नाही काका."
"अरे, केलं तर केलं. पोरगी परत येईल आपल्याकडे."
जॅकचा दांडा फेकला. त्यांच्या अंगावर नाही, पत्र्यावर. काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "आता सांग, नाय केलं म्हणून. कोण मानेल तुझं?" मग स्वतःच हवा भरून गेले.

२६ फेब्रु., गुरु
सापडलं. यादी एकपासून मोजते, डबा शून्यापासून. यादीतला एकशे बारा म्हणजे डब्यावर एकशे अकरा. मी एकशे बारा दाबला, तिकडे एकशे तेरावं वाद्य वाजलं. यादीत बघितलं. बारीक घंटी.
मला हे माहीत नव्हतं असं नाही. बाकीच्या चार गाण्यांत कान होता म्हणून आकडा बरोबर पडला. याच्यात कान बंद ठेवला.
तिला काय सांगू. एक आकडा चुकला? 'अस्मिता २' बघितलेली आहे ती.
आणि खरं सांगायचं तर मलाही... ऐकायचं नव्हतं हे मुद्दामच होतं. मग बाकीचं मुद्दाम नव्हतं हे कशावरून.

२८ फेब्रु., शनि
सकाळी तिचा मेसेज: 'ते गाणं आम्ही काढून टाकलंय. दुसरं काही पाठवू नकोस.'
एकशे अकरा दाबला. तारपा सोडवला. पहिल्यांदा ऐकलं, शहनाईवर, अख्खं. तारपा नाही तो. पण तिच्या आवाजाखाली चालेल. कोणाच्याही कीबोर्डवर चालेल. मध्ये एकदा हात आपोआप वाजवायला गेला, मागे घेतला.
चारला ती उंबरगावला निघते. आत्ता पावणेतीन. तिचं घर झरीला, सायकलवर अर्धा तास.
आई म्हणाली, "जाऊन काय बोलणारेस?"
"ढोलकीची गोष्ट मुद्दाम केली होती. घंटीची नाही."
"आणि ती नाही मानली तर?"
मी शर्ट बदलला.
"डोकं फिरवून येऊ नकोस तिच्या दारात."
डोकं फिरलेलं नाही, हेच आईला कसं सांगू. आत काही हलतच नाहीये. गाणं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं, तो खिशात. डब्याचा प्लग काढला. वही गादीखाली ठेवतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.