मेतुआच्या पाठीमागची फुलं

तोकोरोआ, न्यूझीलंड
४ जुलै १९८४

ती. तेपाएरूआत्यास,
भाची अकाइतीचा किआ ओराना आणि सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. थंडीने बोटं आखडलीत, एवढंच. आमच्या मेतुआचे केस कमरेला टेकले. शाळेत पोरं त्याला पोरगी म्हणून चिडवतात, म्हणून ऑक्टोबरात एकदाचं जावळ उरकायचं ठरवलंय. त्या दिवशी पाहुण्यांसमोर तो बसेल त्या खुर्चीमागे टांगायला मी तिवाइवाईची चादर केली आहे. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच! कापडाची घडी घालून नक्षी कापली, तीही माझ्याच मनाची. पांढऱ्यावर जांभळी जास्वंद. अजून नुसती टाचली आहे, पक्की शिवायची आहे. फोटो सोबत आहे.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना दाखवली. सगळ्या म्हणाल्या, छान. तुआइने वन्सं मात्र म्हणाल्या की जांभळा त्यांच्या डोळ्यांत खुपतो, मयताला आल्यासारखं वाटतं. मग एकीला फुलं फार मोठी वाटली आणि तिच्या शेजारणीला फार लहान. घरी येऊन रडले आणि ती पेटीत कोंबली. आता वन्संचीच तांबडी मागून टांगावी म्हणते. तू खरं काय ते सांग, पण जरा बेताने.

तुझी लाडकी, सध्या रडकी,
अकाइती

ओनेरोआ, मांगाइआ
२५ जुलै १९८४

चि. अकाइतीस,
आत्याचे अ. उ. आ.

अगं वेडाबाई, तुआइनेला जांभळा आवडत नाही, ही तुआइनेची बातमी झाली. तुझ्या कामाची नव्हे. तिला तारोही आवडत नाही, म्हणून आम्ही तारो लावायचा सोडला का? खरं सांगायचं तर जांभळा मलाही आवडत नाही. तेही ठेव बाजूला.

आता कामाचं बोलू. तुझा फोटो किटलीला टेकवून ठेवला आणि येता-जाता बघत राहिले. पानं कशी वळलीत! समुद्राकडून वारा यावा तशी. माझ्या पानांना असं वळण कधी आलं नाही, हे लिहिताना थोडा मत्सरही वाटतो. पण बाई, ही टांगायची कुठे? खुर्चीमागे. म्हणून मी फोटोच्या मधोमध अंगठा ठेवला, तर भोवती उरलं नुसतं पांढरं कापड. सगळी जास्वंद तू मध्यावर गोळा केलीस आणि तिथे तर मेतुआ बसणार. फुलांना त्याची पाठ दिसेल, पाहुण्यांना काहीच नाही. मधलं काही उसवू नकोस. पानांनाच काठापर्यंत जाऊ दे, त्यांना जायचंच आहे.

आणि दुसऱ्याची तांबडी टांगलीस, तर मी जावळाला येणार नाही.

शिव्यांतही माया असते, ती मोजून घे.
तुझी आत्या

तोकोरोआ
१६ ऑगस्ट १९८४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. भांडी आदळली. मग तिवाइवाई भिंतीला टांगून तेरेला समोर खुर्चीत बसवलं. तुझा जावई केवढा आडवा, तुला माहीत आहे. फुलंच काय, पानंही गायब! तो म्हणाला की आपल्यामुळेच शोभा आली. हसता हसता कात्री घेतली, उरलेल्या जांभळ्या कापडातून आणखी पानं कापून जोडली. आता पानं चारी काठांना पोचलीत. टांगेन तर हीच टांगेन.

पण तू एक खोड लावलीस. लग्नात तू दिलेली तिवाइवाई रोज अंथरते, ती काल प्रथमच नीट बघितली. रागावू नकोस. टाके असे की मुंगीलाही सापडू नयेत. पण प्रत्येक फूल दुसऱ्यासारखं, प्रत्येक शीर मापात. आजी असताना केलेल्या तुझ्या उशीच्या अभ्र्यावरची फुलं कशी अंगावर येतात! ही मात्र अंग चोरून बसल्यासारखी वाटतात. तू कुणाला भीत होतीस का, आत्या?

विचार बदलायच्या आत टपालात टाकते. लोभ उरला असेल तर असू दे.
अकाइती

ओनेरोआ
९ सप्टेंबर १९८४

चि. अकाइतीस अ. उ. आ.

जीभ भलतीच लांब झाली आहे तुझी. दोन दिवस तुला मनातल्या मनात झोडपलं, मग परसात जाऊन रडून घेतलं.

अगं, माझी आई माझ्या मांडीवरचं कापड ओढून सरळ सांगायची की हे उसव. ती गेली आणि गावाने मला जाणती ठरवलं. तेव्हापासून काहीही शिवलं तरी छान. कुणी दोरा ओढून बघेना. मग मी कुणाला खोट काढता येणार नाही एवढंच कापत गेले. भीतच होते, पोरी. चुकले तर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

काल नवीन कापड कापलं. बरं झालंय की वाईट, मला कळत नाही, आणि किती वर्षांनी असं वाटतंय! टाचून सोबत आणते. जावळाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगले की मांडीवर घेऊन बस आणि बघ. नुसतं छान म्हणालीस, तर मिळेल त्या विमानाने परत जाईन.

तुझी वाट बघणारी,
आत्या